सिस्टर, तुमच्या आडव्या वहीबद्दल

सिस्टर,
स. न. वि. वि.

मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, अंगात पसरलेल्या पेशंटला इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं औषध) आणि रेडिएशन दोन्ही द्यायचं, हे ट्यूमर बोर्डात, म्हणजे डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, दहा मिनिटांत ठरतं. अवघड असतं ते पुढचं. औषध डे-केअरमध्ये चढतं, रेडिएशनचं यंत्र, लिनॅक, तळघरात, फाइली दोन, डॉक्टर दोन, आणि पेशंट सोलापूरहून एसटीने स्वारगेटला उतरलेला. हे सगळं एकत्र येतं ते तुमच्या वहीच्या एका पानावर. त्या पानाचे आभार मानायला हे पत्र.

पानावर सगळ्यात वर तारखा. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध २०० मिलिग्रॅम दर २१ दिवसांनी, आणि मधल्या एका आठवड्यात सोम-बुध-शुक्र रेडिएशनचे तीन शेक, प्रत्येकी ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप). शेकासाठी इम्युनोथेरपी सहसा थांबवावी लागत नाही. डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब या मेलानोमाच्याच दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या मात्र थांबवायच्या: रोज थोडं थोडं रेडिएशन असेल तर आधी आणि नंतर किमान तीन दिवस, मेंदूतल्या गाठीला एकाच बैठकीत द्यायचं असेल तर किमान एक दिवस. नाहीतर शेकाच्या जागची कातडी वाईट सोलते. हे तुम्ही लाल पेनाने लिहिता.

मग औषधाची पेटी. पेम्ब्रोलिझुमॅबची १०० मिलिग्रॅमची बाटली ४ मिलिलिटरची, २ ते ८ अंशांत ठेवायची. मे महिन्यात नातेवाईक ती थर्माकोलच्या डब्यात आणतात आणि गारवा टिकावा म्हणून बर्फाची पिशवी थेट बाटलीला टेकवतात. बाटली गोठते, आणि गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं. मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवायची, हे तुम्ही फोनवर आदल्या दिवशीच सांगता. तशीच ‘हलवू नका’ची चिठ्ठी, प्रथिनाचं औषध खळखळवलं की फेस येतो, कण धरतात. दोन बाटल्या १०० मिलिलिटर सलाइनमध्ये, नळीत बारीक फिल्टर, अर्धा तास.

सर्वांत जास्त ऋणी आहोत ते स्टेरॉइडच्या रकान्याबद्दल. उपचार सुरू होताना रोजच्या १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनहून जास्त स्टेरॉइड पोटात असेल तर प्रतिकारशक्तीच्या ज्या टी-पेशींना जागं करायचं, त्यांनाच आपण झोपवतो. पेशंट ‘स्टेरॉइड घेत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याच्या लेखी ती दम्याची किंवा गुडघ्याची गोळी असते. तुम्ही पिशवीच टेबलावर ओतायला लावता. उलटीसाठी दिलेलं ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनही साधारण २५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं, हे आमच्यातल्याही काहींच्या लक्षात राहत नाही. उलट मेंदूला सूज असेल किंवा इम्युनोथेरपीचाच त्रास उफाळला असेल, तर स्टेरॉइड टाळणं घातक. मोठ्या त्रासाला किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, आणि उतरवायचं ते किमान चार आठवडे घेऊन. बरं वाटलं म्हणून पेशंट मध्येच गोळ्या सोडतो, तेव्हा पहिला फोन तुमचाच जातो.

त्रास कुणामुळे, हे ओळखायलाही वहीच कामी येते. छातीच्या शेकानंतर दोन महिन्यांनी खोकला आला, तर तुम्ही पानावर चिकटवलेलं डोसचं चित्र सीटी स्कॅनशेजारी ठेवता येतं. डाग शेकाच्या पट्ट्यातच असेल तर रेडिएशनचा संशय, दोन्ही फुप्फुसांत विखुरलेले असतील तर औषधाचा. संसर्ग आधी वगळायचा, ते वेगळंच. जुलाबांचंही तसंच. पहिल्याच दिवशी ‘रोज किती वेळा जाता?’ हे लिहून ठेवल्यामुळे चारने वाढलं की कळवायचं, सातने वाढलं की लगेच ॲडमिट, असं सरळ सांगता येतं. पावसाळ्यात पुण्यात सगळे पाण्याला आणि पाणीपुरीला दोष देतात. तुम्ही शौचाची तपासणी करून घेता आणि तोवर जुलाब बंद करण्याची गोळी देऊ देत नाही. थकव्याला ‘शेकाने होतंच’ म्हणून न सोडता टीएसएच आणि कॉर्टिसॉल या ग्रंथींच्या रक्ततपासण्या मागवता.

आणि आशेचा हिशोब. एका गाठीला शेक दिला की लांबच्या गाठीही विरघळतात, याला आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये ‘ॲबस्कोपल’ असं नाव दिलं. २०१२ मध्ये इपिलिमुमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपीवरच्या एका मेलानोमाच्या पेशंटमध्ये हे स्पष्ट दिसलं, आणि तेव्हापासून प्रत्येक नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये तो किस्सा असतो. असं होतं, पण क्वचित. हमी देण्याइतका पुरावा नाही. शेक बहुधा दुखणाऱ्या, रक्त येणाऱ्या, मेंदूतल्या किंवा एकट्याच हट्टाने वाढणाऱ्या गाठीसाठी असतो. ‘शेक या गाठीला. बाकीच्या गेल्या तर देवाची कृपा,’ हे तुमचं वाक्य आमच्या पंधरा मिनिटांच्या समुपदेशनापेक्षा चांगलं पोचतं.

पेशंटची चप्पल काढून तळवा आणि नखं पाहण्याची तुमची सवयही. आपल्याकडे मेलानोमा तळपायावर पुष्कळदा निघतो, कुरूप समजून कापला जातो, आणि या प्रकारात इम्युनोथेरपी तुलनेने कमी लागू पडते.

नवी आडवी वही फार्मसीच्या फ्रिजशेजारच्या कपाटात ठेवली आहे. स्टेरॉइडचा रकाना तुम्ही सांगितला तसा तिप्पट रुंद आखलाय: किती, कधीपासून, कोणी दिलं. रोज दुपारी तिच्या पानाचा फोटो लिनॅकच्या खोलीत पाठवायचं काम आजपासून आमच्याकडे.

कळावे,
मेडिकल ऑन्कॉलॉजी, रेडिएशन आणि फार्मसीतले तुमचे सहकारी
पुणे