फोलेटची बाटली उघडण्याआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

'नैसर्गिक फोलेट'च्या बाटलीचा फोटो मिळाला. सील फोडलं नसेल तर तशीच कपाटात राहू द्या. आधी बाबांचं बी-१२ तपासायचं.

फोलेट म्हणजे बी-९ जीवनसत्त्व. रक्तपेशी तयार व्हायला ते लागतं. कमी पडलं की तांबड्या पेशी घटतात आणि ज्या उरतात त्या फुगतात. बी-१२ कमी पडलं तरी रक्तात हुबेहूब हेच दिसतं, आणि घोळ इथेच होतो. फोलेट घेतल्यावर हिमोग्लोबिन वाढतं, रिपोर्ट बघून सगळे खूश होतात, पण बी-१२ नसल्यामुळे नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं. फार उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही.

बाबा, तुमची साखरेची गोळी मेटफॉर्मिन कित्येक वर्षांची, ॲसिडिटीची गोळी रोजची, आणि आता मटण-अंडीही बंद. तिन्हींमुळे बी-१२ घटतं. तळपायाची बधिरता साखरेचीच आहे असं धरून बसू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि बी-१२ करून घ्या, तेही पहिली गोळी घेण्याआधी. बी-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरताच समजायची. २०० ते ३०० असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, १०० च्या वर गेलंय का बघा, पण नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जोडीला लोह कमी असेल तर फुगलेल्या पेशी लपून जातात.

आता बाटली. पुढे 'नैसर्गिक' मोठ्या अक्षरांत आहे, पण मागचं बारीक वाचा. तिथे 'एल-मिथाइलफोलेट' असेल तर तो शरीरात फिरणाऱ्या फोलेटचाच प्रकार आहे, पण बनतो कारखान्यात. त्यात वाईट काही नाही. मात्र बी-१२ चं काम तोही करत नाही. आकड्यापुढे 'डीएफई' (अन्नातल्या फोलेटच्या हिशोबातलं माप) आहे का तेही बघा. ६८० मायक्रोग्रॅम डीएफई म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळ्यांतलं कृत्रिम फोलेट. गोळ्यांतून दिवसाला १००० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच्या वर जायचं नाही. मेडिकलमध्ये सहज मिळणारी ५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे तब्बल ५००० मायक्रोग्रॅम, ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची.

आई, तुला ती लिहून दिलीय, कारण तुझं संधिवाताचं मेथोट्रेक्सेट फोलेटचं काम अडवतं. त्यामुळे ही नवी बाटली तुझ्यासाठी नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी ठरवलेल्या दुसऱ्या वारी. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असू शकतात. चुकून मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. दोन वेगळे डबे कर आणि झाकणावर वार मोठ्या अक्षरांत लिही.

खरं नैसर्गिक फोलेट तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. आपल्याकडची शिफारस पुरुषांना दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम आणि बायकांना २२०. शिजवलेल्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे १७० मिळतं, मसुरीत साधारण १८०. मोड आलेली मटकीही चांगली. फोलेट पाण्यात उतरतं आणि फार वेळ शिजवलं की नासतं. म्हणून कपिलतीर्थ मार्केटमधून आणलेला पालक भरपूर पाण्यात उकळून ते हिरवं पाणी ओतून देऊ नकोस. थोड्या पाण्यात झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफव. मटकी शिजवलेलं पाणी मिसळीच्या कटात घाल.

रिपोर्ट आला की बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि तुमच्या दोघांच्या चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. रिपोर्टचा फोटो मलाही पाठवा.

तुमची लेक