परीदरबारांच्या प्रेमकथांना गंभीर समीक्षा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील किशोरवयीन वाचकांच्या आवडीनिवडींवरचा लेख वाचला. परीलोकातील राजपुत्र, एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन दरबार आणि त्यांच्या वैरात सापडलेली मानवी मुलगी, अशा धाटणीच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांचा विषय त्यात दोन परिच्छेदांत उरकला असून, ‘मुले निदान वाचतात तरी’ एवढ्या समाधानावर तो सोडून दिला आहे. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु हे समाधान मला पटत नाही. जी पुस्तके सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली रात्री जागवून वाचतात आणि ज्यांतील संवाद त्यांना तोंडपाठ असतात, ती चांगली की वाईट आणि कशामुळे, हे सांगण्याइतके तरी महत्त्व मोठ्यांनी त्यांना द्यायला हवे. या साहित्यप्रकाराला नाके मुरडणारे आणि त्याची पाठ थोपटणारे, दोघेही तो उघडून पाहत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या कथांची मुळे बव्हंशी स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या लोकपरंपरेत आहेत. फुलपाखराचे पंख लावलेली चिमुकली परी आपल्या डोळ्यांसमोर येते ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील चित्रांमुळे. जुन्या कथांतील परीजन पुष्कळदा माणसाएवढेच उंच असतात, टेकड्यांच्या पोटात राहतात, घोड्यांवरून मिरवणुकीने निघतात आणि माणसांना पळवून नेतात. अ‍ॅबरफॉइल येथील धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२ च्या सुमारास लोकांच्या तोंडून ऐकलेली माहिती लिहून ठेवली आणि ती पुढे १८१५ मध्ये छापली गेली. या परीजनांत सरदार आहेत, राज्यकर्ते आहेत आणि त्यांचे कायदेही आहेत असे लोक म्हणतात, अशी नोंद त्यांनी केली आहे. म्हणजे दरबाराची कल्पना आजच्या कादंबरीकारांनी हवेतून काढलेली नाही. स्कॉटिश परंपरेत सीली आणि अनसीली असे परीजनांचे दोन वर्गही मानले जातात. पहिला केलेल्या उपकाराची फेड करतो, पण अपमान झाल्यास सूड घ्यायला मागेपुढे पाहत नाही. दुसरा काही कारण नसतानाही माणसाच्या वाटेला जातो. मात्र जुन्या कथांत हे दोन स्वभाव आहेत, सीमा आखून घेतलेली दोन राज्ये नव्हेत. त्यांच्यात सिंहासनासाठी चालणारे राजकारण, हेर, तह आणि विषप्रयोग ही बव्हंशी आजच्या कादंबरीची भर आहे.

या भरीला माझा आक्षेप नाही, उलट ती मला आवडते. अडचण निराळीच आहे. वैर कशासाठी, हा प्रश्न यांतल्या पुष्कळ कादंबऱ्या स्वतःला विचारीतच नाहीत. एका दरबाराकडे हिवाळा, दुसऱ्याकडे उन्हाळा. एकाचे महाल काळ्या दगडाचे, दुसऱ्याचे वेलीफुलांचे. आणि वाचकाने एवढ्यावरूनच शत्रुत्व गृहीत धरायचे. आयर्लंडची परंपरा याहून कितीतरी व्यवहारी आहे. कवी डब्ल्यू. बी. यीट्स यांनी १८८८ मध्ये आयरिश लोककथांचे जे संकलन काढले, त्यात असे नोंदवले आहे की मे महिना लागण्याच्या आदल्या संध्याकाळी, दर सातव्या वर्षी, परीजन आपापसात लढतात ते पिकासाठी, कारण शेतातील सर्वांत भरदार कणसे त्यांची असतात. तिथले भांडण धान्याचे आहे. ते हरणाऱ्यांना काय सोसावे लागेल, हे कोणालाही समजते. ज्या कादंबरीकाराने आपल्या दरबाराला अशी एखादी खरीखुरी गरज दिली, त्याच्या पुस्तकातील कटकारस्थानांना आपोआप वजन येते आणि त्या कटांत सापडलेल्या प्रेमाचीही वाचकाला धास्ती वाटू लागते.

आता प्रेमाविषयी. या संपूर्ण साहित्यप्रकाराची आद्य नायिका म्हणून मी ‘टॅम लिन’ या स्कॉटिश बॅलडमधील, म्हणजे लोकांत गायल्या जाणाऱ्या कथागीतातील, जॅनेटचे नाव घेईन. या कथेचा उल्लेख १५४९ च्या सुमाराच्या एका स्कॉटिश ग्रंथात आढळतो, कवी रॉबर्ट बर्न्सने दिलेला तिचा पाठ १७९६ मध्ये छापला गेला आणि लोकगीतांचे अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ३०५ बॅलडांच्या संग्रहात तिचा क्रमांक ३९ वा आहे. सेलकर्कजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्यांचा संगम होतो, तिथल्या कार्टरहॉ नावाच्या रानात कोणत्याही मुलीने जाऊ नये, अशी ताकीद देऊन हे गीत सुरू होते, आणि जॅनेट परकर खोचून थेट तिथेच जाते. ती गुलाब खुडते तोच टॅम लिन समोर उभा राहून विचारतो की माझ्या परवानगीवाचून इथे का आलीस. तिचे उत्तर मला आजही थरारून सोडते: कार्टरहॉ माझे आहे, माझ्या वडिलांनी ते मला दिले आहे, मी तुला न विचारता येईन आणि जाईन.

पुढे तिला दिवस जातात. बापाच्या घरी एक म्हातारा सरदार तिच्यावर बोट रोखतो, तेव्हा ती त्याला तोंडावर सुनावते आणि पुन्हा रानात जाते. टॅम लिन तिला सांगतो की तो जन्माने माणूसच आहे. शिकारीहून परतताना घोड्यावरून पडला आणि परीराणीने त्याला नेले. परीलोकाला दर सात वर्षांनी नरकाला एक जीव द्यावा लागतो आणि या खेपेला आपली पाळी येईल, अशी त्याला भीती आहे. सुटकेचा मार्ग एकच. हॅलोवीनच्या मध्यरात्री परीजनांची मिरवणूक जाईल, तेव्हा काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढऱ्या घोड्यावरील स्वाराला खाली खेचायचे आणि काहीही झाले तरी सोडायचे नाही. मग तिच्या मिठीत तो पाल होतो, साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापून लाल झालेली लोखंडी कांब होतो आणि शेवटी जळता निखारा. तो निखारा ती विहिरीत टाकते आणि पाण्यातून वर येणाऱ्या उघड्या माणसाला आपल्या हिरव्या झग्याने झाकते. परीराणी चरफडते, हे आधी कळले असते तर त्याचे डोळे काढून लाकडाचे बसवले असते असे म्हणते, परंतु तिला तिचाच नियम मोडता येत नाही.

हे मी इतके सविस्तर लिहिले याला कारण आहे. या गीतात प्रेम म्हणजे जाणूनबुजून केलेली निवड आहे आणि तिची किंमत आधी सांगितलेली आहे. काय होणार हे जॅनेटला ठाऊक आहे, नकार देण्याची मोकळीक तिला आहे आणि नियम जितका तिला लागू आहे तितकाच राणीलाही. आजच्या कादंबऱ्यांत जे उत्तम आहे ते याच परंपरेतून आलेले आहे. परीजनांना खोटे बोलता येत नाही, हा या कादंबऱ्यांचा लाडका संकेत घ्या. राजपुत्र नायिकेला म्हणतो, “या दालनात तुला कोणीही हात लावणार नाही.” वाक्य शब्दशः खरे असते, पण दालनाचा उंबरठा ओलांडल्यावर काय, याविषयी त्यात एक अक्षरही नसते. हा खेळ अंगवळणी पडलेला वाचक प्रत्येक संवाद दोनदा वाचतो आणि काय सांगितले यापेक्षा काय सांगायचे टाळले, हे शोधू लागतो. वचने, सौदे, मुदती, परीलोकात खाल्लेल्या एका घासाने येणारे बंधन यांवर उभी राहिलेली कथा तरुण वाचकाला भाषेकडे संशयाने पाहायला शिकवते. वाचनाचे याहून चांगले शिक्षण मला ठाऊक नाही.

परंतु याच प्रकारात अलीकडे एक गोष्ट बोकाळली आहे आणि तिच्याविषयी कोणी स्पष्ट बोलत नाही. ती म्हणजे नियतीने जुळवून ठेवलेला जोडीदार. शेकडो वर्षे जगलेला राजपुत्र सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्या भेटीत अपमानित करतो, डांबून ठेवतो, तिच्यापासून महत्त्वाच्या गोष्टी लपवतो; आणि मग दोघांच्या आत्म्यांत एक जन्मजात धागा असल्याचे उघड होते. त्या एका धाग्याने मागचे सगळे माफ होते. त्याने केलेला छळ तिच्या रक्षणासाठी होता, तिचा राग म्हणजे न ओळखलेली ओढ होती आणि तिचा नकार म्हणजे तिला स्वतःचीच पुरती ओळख नसल्याची खूण होती, असे सगळ्याचे अर्थ उलटे लावले जातात. मला या युक्तीचा संताप येतो, आणि तो नीतिमत्तेच्या आधी कलेच्या अंगाने येतो. ज्या विश्वात प्रत्येक वचनाला किंमत आहे, तिथे नायकाला मात्र सगळे फुकट मिळते. नियम राणीला बांधतो आणि प्रियकराला सोडून देतो. नायिकेच्या हातून निवड काढून घेतली की तिच्या धाडसालाही अर्थ राहत नाही, कारण जे होणारच होते ते तिने केले काय आणि न केले काय.

क्रूर नायक नकोच, असे मी म्हणत नाही. जुन्या कथांतील परीजनही क्रूर आहेत आणि त्यांचे आकर्षण त्या धोक्यातच आहे. वैऱ्याच्या दरबारातील माणसावर जीव जडणे, हा कादंबरीचा अस्सल विषय आहे. त्या क्रौर्याचा हिशेब कथेत होतो की नाही, एवढेच मी पाहते. नायकाला त्याच्याच लोकांच्या कायद्यासमोर काही गमवावे लागते का, नायिका त्याला सोडून जाऊ शकते का आणि ती गेली तर पुस्तक तिच्या मागे जाते की त्याच्या विरहापाशी थांबते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की चांगली कादंबरी आणि नुसती गुळचट कादंबरी यांतला फरक लगेच कळतो.

वयोगटाच्या शिक्क्याबद्दल थोडेसे. २०१५ मध्ये सुरू झालेली या प्रकारातील एक अत्यंत खपाची मालिका आरंभी किशोर-तरुण वाचकांसाठीची म्हणून दुकानांत आली आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठे चढवून तीच प्रौढांच्या विभागात नेण्यात आली. मधल्या वर्षांत ती तेरा-चौदा वर्षांच्या कोणीही उचलली असेल, तर दोष त्या वाचकाचा नव्हे. पालकांनी पुस्तके हिसकावून घ्यावीत असे मला मुळीच वाटत नाही, कारण लपवून वाचलेल्या पुस्तकावर घरात चर्चा होत नाही. मात्र शयनगृहातील प्रसंग किती उघड आहेत, हे मुखपृष्ठावरील वेलबुट्टीवरून समजत नाही; ते वाचलेल्या माणसानेच सांगायला हवे.

म्हणून माझी विनंती अशी की आपल्या पुरवणीत या कादंबऱ्यांची नियमित परीक्षणे यावीत आणि ती ज्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले आहे, त्यांच्याकडून लिहून घेतली जावीत. परीक्षणात कथानकाच्या सारांशाला चार ओळी पुरेत. उरलेली जागा दरबारांचे वैर कशावर उभे आहे, नियम कोणाकोणाला लागू होतात आणि नायिकेला नकार देता येतो का, यांसाठी ठेवावी. पुस्तक कोणत्या वयाला योग्य, हेही निःसंकोच लिहावे. एकाच पुस्तकावर एक प्रौढ आणि एक सतरा वर्षांचा वाचक अशी दोन परीक्षणे शेजारी-शेजारी छापता आली, तर ती मी सर्वांत आधी वाचेन. या पुस्तकांचे खरे जाणकार आज त्या वयाचे वाचकच आहेत, आणि त्यांचे मत त्यांच्या नावानिशी छापून येण्याची वेळ झाली आहे.

आपली,
एक नियमित वाचक