जड लेन्ससाठी ट्रायपॉडचे हेड निवडताना

महोदय,

थंडी पडू लागली की उजनी जलाशयाच्या काठी, भिगवण-कुंभारगावच्या परिसरात, पक्ष्यांची छायाचित्रे टिपणाऱ्यांची वर्दळ वाढते. दरवर्षी तिथे जाणारा हौशी छायाचित्रकार म्हणून एक गोष्ट मला सतत खटकते. लेन्ससाठी लाखो रुपये मोजणारी माणसे ट्रायपॉडचे हेड, म्हणजे तिपाईवर कॅमेरा धरून वळवणारा वरचा भाग, मात्र खोक्यावर छापलेली भारक्षमता पाहून घेतात, आणि जड टेलिफोटो (दूरचे जवळ आणणाऱ्या) लेन्सच्या बाबतीत त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

बहुतेकांकडे आधीपासून बॉल हेड, म्हणजे एका गोलावर सर्व दिशांना वळणारे हेड, असते. निसर्गदृश्यांसाठी ते उत्तमच. पण त्यात कॅमेरा आणि लेन्स यांचा सगळा भार गोलाच्या वर राहतो. समजा, ६०० मिमीची लेन्स आणि कॅमेरा मिळून ४ किलो वजन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य गोलाच्या केंद्रापासून १२ सेंटिमीटर उंचीवर आहे. लेन्स १० अंशांनी झुकवली तर तो भार जेमतेम २ सेंटिमीटर बाजूला सरकतो, पण ३० अंशांनी झुकवली तर ६ सेंटिमीटर. वजन तेवढेच असूनही हेडला पाडू पाहणारा जोर तिप्पट होतो. उडत्या पक्ष्याचा माग घेण्यासाठी पकड थोडी सैल ठेवावीच लागते, आणि नेमक्या त्याच वेळी लेन्स एकदम खाली कोसळते. माझी लेन्स अशीच ट्रायपॉडच्या पायावर आदळून तिचे हूड (तोंडाशी ऊन अडवणारे नळकांडे) फुटले. त्या हेडची छापील क्षमता माझ्या साहित्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होती.

गिंबल हेडमध्ये, म्हणजे लेन्स आडव्या अक्षावर झुलती ठेवणाऱ्या हेडमध्ये, ही अडचण मुळातच उरत नाही, कारण त्याचा आडवा अक्ष गुरुत्वमध्यातून जाईल अशी लेन्स बसवता येते. मग ती ज्या कोनात सोडावी त्या कोनात थांबते आणि बोटाच्या हलक्या दाबाने वळते. मात्र गिंबल विकत घेऊनही तोल न साधणारे अनेक जण मी पाहिले आहेत. हूड, बॅटरी, टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारे जोडभिंग) असे सगळे जागेवर ठेवून, आणि झूम करताना लांबणारी लेन्स असेल तर ती नेहमी वापरतो तेवढी लांबवून, एक हात लेन्सखाली धरून पकड सैल करावी. लेन्स आडवी स्थिर राहीपर्यंत तिच्याखालची प्लेट (हेडमध्ये अडकणारी पट्टी) पुढे-मागे सरकवावी. त्यानंतर लेन्सचे तोंड वर करून पाहावे. ती आणखी कलंडत गेली तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे, म्हणून लेन्सची बैठक खाली घ्यावी. आपोआप आडवी होऊ लागली तर बैठक वर घ्यावी. ही दुसरी पायरीच बहुतेक जण वगळतात आणि मग हेडला नावे ठेवतात.

गिंबलचे ओझे असते, हे खरे. भक्कम गिंबल सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरते. दोन किलोच्या आतबाहेरच्या १५०-६०० मिमी लेन्ससाठी हलके, बाजूने लेन्स धरणारे गिंबल पुरते, असा माझा अनुभव आहे. चित्रफितीच जास्त घेणाऱ्याने फ्लुइड हेड, म्हणजे द्रवाच्या रोधामुळे संथ वळणारे हेड, घ्यावे, पण त्यातील तोल सावरणारी स्प्रिंग आपल्या वजनाला जुळते का, हे आधी तपासावे. ताडोबातल्या जिप्सीत तर ट्रायपॉड उभा करायला जागाच नसते; तिथे लेन्स टेकवायची बीनबॅगच खरी. हेड कोणतेही असो, लेन्सच्या कॉलरखाली (लेन्सभोवतीच्या कड्याखाली) लांब प्लेट शक्यतो दोन स्क्रूंनी बसवावी, म्हणजे ती फिरत नाही, आणि प्लेट हेडमधून घसरू न देणारे तिच्या दोन्ही टोकांचे अटकाव-स्क्रू कधीही काढू नयेत.

आपल्या वृत्तपत्राद्वारे कॅमेरा विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की दुकानात एक ट्रायपॉड उभा ठेवून त्यावर ग्राहकाला स्वतःची लेन्स चढवून, झुकवून पाहू द्यावी. पुण्या-मुंबईबाहेरच्या आमच्यासारख्यांना हेड बहुधा फोटो पाहूनच मागवावे लागते, आणि लेन्स त्यावर कशी वागते हे थेट पाणवठ्यावर गेल्यावरच कळते.

आपला,
एक पक्षीछायाचित्रकार, बारामती