समन्वय म्हणजे बैठक नव्हे

महोदय,

आपत्ती आली की राज्याची आपत्ती यंत्रणा 'दिसत नाही' अशी ओरड होते. पण दोरखंड घेऊन पाण्यात उतरणे हे तिचे मुख्य काम नव्हेच. बोटी कोणाकडे, खाटा कुठे रिकाम्या, रस्ता कोणता बंद, हे एका ठिकाणी जमवून पथके योग्य जागी धाडणे हे तिचे काम. १९७० साली कॅलिफोर्नियातील वणव्यांत अनेक अग्निशमन दले धावली, पण प्रत्येकाची परिभाषा वेगळी, रेडिओ एकमेकांना लागेनात आणि हुकूम सोडणारे भाराभर! त्यातूनच घटनास्थळी एकसूत्री नेतृत्वाची पद्धत आली. आपल्याकडे आधी कळवून घेतलेल्या आपत्तीच्या रंगीत तालमीत मात्र सगळ्यांचे वायरलेस हमखास लागतात. एखादा सराव मध्यरात्री, न कळवता घ्यावा.

– एक वाचक