करपरतावा म्हणजे अनुदान नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालचा अग्रलेख वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. चीनने भारताच्या पीएलआय योजनेविरुद्ध (देशात उत्पादन वाढवणाऱ्या कंपन्यांना सरकार पैसे देते, ती योजना) जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, त्यावर लिहायला हवेच होते. पण लिहिता लिहिता आपण चीनचे बॅटरी कारखाने, अमेरिकेच्या चिप कायद्यातले अब्जावधी डॉलर आणि आम्हा टॉवेलवाल्यांना मिळणारा करपरतावा, सगळे ‘अनुदान’ या एकाच पोत्यात भरले. वर निर्यातदारांना सरकारी पैशाची सवय लागली आहे, असा शेराही मारला. तो मला गिळवत नाही, म्हणून हे पत्र.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माग सासऱ्यांनी बसवले, निर्यातीचे कागद गेली एकवीस वर्षे मी सांभाळते. आमच्या विजेच्या बिलात ‘विद्युत शुल्क’ अशी वेगळी ओळ असते. ते पैसे राज्य सरकारला जातात आणि जीएसटीसारखे त्याचे क्रेडिट मिळत नाही. सुताच्या गाडीच्या डिझेलवरचा व्हॅट तसाच, कापसावरचा बाजार समितीचा सेसही तसाच. हे सगळे टॉवेलात मुरते. टॉवेल हॅम्बुर्गला गेला, तर तिथल्या गिऱ्हाइकाने सोलापूरचे विद्युत शुल्क का भरावे? आरओएससीटीएल या केंद्राच्या करपरतावा योजनेत हेच कर परत मिळतात. म्हणजे आमच्याच खिशातून गेलेले पैसे आम्हाला परत येतात, तेही निर्यातीचे सगळे कागद जुळल्यावर. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक कराराच्या पहिल्या कलमाची पहिलीच तळटीप सांगते की निर्यात मालावर जेवढा कर बसला तेवढाच परत दिला, तर ते अनुदान ठरत नाही. आपल्या अग्रलेखात कराराचा उल्लेख चार वेळा आहे, या तळटीपेचा एकदाही नाही.

आता ‘सवयी’बद्दल. एप्रिल २०१९ मध्ये आम्ही जर्मनीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला दर दिला. तेव्हा आमच्या मालावर ‘एमईआयएस’ या निर्यात प्रोत्साहन योजनेचे ४ टक्के मिळत होते, करपरताव्याची वर सांगितलेली योजनाही मार्चपासून नव्याने लागू झाली होती. दोन्ही मिळणार असे धरूनच गावातल्या सगळ्यांनी दर दिले. चाळीस फुटी कंटेनर जूनमध्ये न्हावा-शेव्याहून गेला. बेचाळीस लाखांचा माल. त्याची फाइल मी लावून ठेवली, बँकेचा दाखला आला की अर्ज करायचा म्हणून. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीहून निर्णय आला की तयार कपडे आणि टॉवेल-चादरींचे ४ टक्के बंद, आणि तेही ७ मार्च २०१९ पासून! माल जाऊन सात महिने झाले होते. गिऱ्हाइकाला काय सांगायचे, गेल्या वर्षीच्या टॉवेलाचे पैसे वाढवून द्या? बदल्यात फार तर १ टक्का देऊ, असे सांगितले. बेचाळीस लाखांवर ४ टक्के म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. त्या कंटेनरात आमचा नफा त्याहून कमी होता. त्या वर्षी शिलाई आणि चेकिंगच्या बायकांना दिवाळीनंतर द्यायची वाढ आम्ही पुढे ढकलली. त्या फाइलवर मी लाल शाईने ‘नामंजूर’ लिहिले. ती अजून कपाटात आहे.

हे का झाले? अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये भारताच्या निर्यात योजनांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. ३१ ऑक्टोबर २०१९ ला निकाल विरुद्ध गेला. भारताचे दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षे हजार डॉलरवर गेले, म्हणून गरीब देशांना असलेली निर्यात अनुदान देण्याची मुभा संपली, असा हिशेब. ठीक आहे, नियम म्हणजे नियम. एमईआयएस त्या नियमात बसत नव्हते हे मला मान्य आहे, बंद झाले तेही मान्य आहे. पण पुढच्या तारखेपासून करायचे होते. शेजारचा बांगलादेश अतिअविकसित देशांच्या यादीत असल्याने त्याला ही बंदी लागू नाही, आणि त्याच बाजारात आम्ही उभे आहोत.

आता चीनकडे या. पीएलआयमध्ये देशी मूल्यवर्धन ५० टक्के हवे, म्हणजे मालाच्या किमतीतला निम्मा वाटा देशातच तयार झालेला हवा, या अटीवर त्यांचा आक्षेप आहे. मला विचाराल तर ती अट अडचणीचीच आहे. पण २०१५ ते २०१९ या काळात चीनमध्ये विजेच्या गाडीला सरकारी मदत मिळवायची, तर बॅटरी सरकारी यादीतल्या कंपनीची लागायची, आणि त्या यादीतून एलजी, सॅमसंगसारख्या कोरियन कंपन्या बाहेर होत्या. त्या चार वर्षांत त्यांचे कारखाने उभे राहिले, आणि आज तेच नियमावर बोट ठेवतात. हे आपल्या अग्रलेखात यायला हवे होते. पीएलआयचे आम्हाला काय मिळाले, हेही विचारा. कापडासाठी १०,६८३ कोटी जाहीर झाले, पण कृत्रिम धागा आणि टेक्निकल टेक्स्टाइल (औद्योगिक वापराचे कापड) यांसाठी. गुंतवणूक तेव्हा किमान १०० कोटींची लागायची. सुती टॉवेल त्यात बसतच नाही.

२०१९ च्या निकालावर भारताने अपील केले. त्याच डिसेंबरमध्ये व्यापार संघटनेचे अपील मंडळ बंद पडले, कारण अमेरिका नव्या सदस्यांची नेमणूक अडवत होती. अपील तसेच लटकले. तेव्हा मला बरे वाटले होते, निकाल टळला म्हणून. आता वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा आमचे तीनशे चाळीस खोके गोदामात बांधून तयार होते. गिऱ्हाइकाने कळवले, थांबा. प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात त्यांचे लेबल शिवलेले, दुसऱ्याला विकता येत नाही. पोरींनी दोन दिवस बसून ब्लेडने लेबले उसवली, तिथे टाक्यांची भोके राहिली आणि तो माल सेकंड म्हणून गेला. तेव्हा दाद मागायला वर कुणी बसलेलेच नव्हते. दिल्लीला माझे सांगणे एवढेच आहे की आपली बाजू लंगडी असली तरी ते मंडळ पुन्हा सुरू करायला जोर लावा.

तेव्हा नियम आम्हाला नकोत, असे कृपया लिहू नका. आम्हाला ते तुमच्यापेक्षा जास्त हवेत. आमच्या करपरताव्याला अनुदान म्हणू नका, कारण अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने काही भारतीय मालांवर हेच म्हणून काउंटरव्हेलिंग ड्यूटी, म्हणजे अनुदानाची भरपाई म्हणून जादा आयात शुल्क, लावली आहे. त्यांचा युक्तिवाद मराठी वर्तमानपत्राने कशाला करावा?

आणखी एक. शनिवारच्या अंकात सुताच्या भावांचा छोटा चौकोन यायचा, तो दिवाळीपासून बंद आहे. त्याजागी मोबाइलची जाहिरात असते. आमच्या भागातले मागवाले तो कापून भिंतीला चिकटवत. तो पुन्हा सुरू करावा, ही विनंती.

— एक टॉवेल निर्यातदार, सोलापूर