वायर ओढायला लावल्याबद्दल आभार

प्रिय दादा,

तोंडावर आभार मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय उडवून लावला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हटल्यावर जो तो महागडा राउटर घ्या म्हणत होता. तुम्ही घरभर फिरलात आणि विचारलंत, ‘यातलं जागचं न हलणारं काय काय आहे?’ टीव्ही, प्रिंटर, टेबलावरचा संगणक. ते सगळं वायरवर घ्यायचं आणि वायफाय फोन-लॅपटॉपसाठी मोकळं ठेवायचं, हा तुमचा हिशोब. एक साधा गिगाबिट स्विच (एका लाइनीवरून अनेक उपकरणं जोडून देणारा डबा) आणि कॅट 6 प्रकारची नेटवर्क केबल, एवढ्यावर भागलं. केबलही निव्वळ तांब्याचीच घ्यायला लावलीत, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही.

संगणकाची लाइन 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवरच अडकली, तेव्हा मी सेटिंग्ज उघडायला निघालो होतो. तुम्ही केबलला टेस्टर लावलात. सातव्या तारेचा दिवा पेटेना. पांढरी-तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत गेलीच नव्हती. केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी शंभराला दोन पुरतात, गिगाबिटला म्हणजे हजाराला चारही लागतात, हे तुम्ही सांगितलंत आणि टोक छाटून क्रिम्पिंग टूल (तारांवर कनेक्टर दाबून बसवायची पक्कड) सरळ माझ्या हातात दिलंत. कनेक्टरमधल्या तारांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: आता झोपेतही म्हणून दाखवीन. (घरचे म्हणतात, म्हणतोच.)

आणि भंगारात निघालेला जुना राउटर! त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम) बंद, त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2, केबल वॅनऐवजी (बाहेरून इंटरनेट येतं तो पोर्ट) लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांचा), की झाला आतल्या खोलीचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय पुरवणारा डबा. दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच, 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर एकाला चॅनल 1, दुसऱ्याला 11, म्हणजे एकमेकांच्या आड येणं नको. फोन अजून कधीमधी लांबच्याच सिग्नलला चिकटून बसतो, पण ती फोनची खोड, तुमच्या कामातली कसर नव्हे. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून दिलंत, त्याबद्दल तर घरातल्या सगळ्यांकडून आभार.

खरं सांगू? मला सगळ्यात आवडल्या त्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना तुम्ही चिकटवलेल्या चिठ्ठ्या. स्विचमागचा गुंता आता कुणालाही वाचता येतो.

वरच्या खोलीची लाइन अजून ओढायची आहे. टोकं मी मारतो, तुम्ही टेस्टर तेवढा घेऊन या. क्रिम्पिंग टूल अजून माझ्याकडेच आहे, तेही तेव्हाच परत न्या.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा