आम्ही बफेलो का सोडत नाही

बफेलो, न्यूयॉर्क
८ जानेवारी २०२३

ती. आई आणि बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आई फोनवर म्हणाली, "पुरे झालं ते गाव. दादाच्या जवळ टेक्सासला जा, निदान बर्फात तरी गाडले जाणार नाही." मग बाबांनी फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "एकूण किती इंच?" दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर द्यायचं आहे, आणि फोनवर माझ्याकडून ते होत नाही. आईचा आवाज कातर झाला की माझाही होतो. म्हणून हे पत्र. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या, मोबाइलवर वाचत बसू नका.

आधी बाबांचा आकडा. नाताळच्या हिमवादळात विमानतळावरच्या केंद्रात ५१.९ इंच बर्फ नोंदला गेला, म्हणजे सव्वाचार फुटांच्या थोडा वरच. बाबा, हे पावसाचे इंच नव्हेत. साधारण दहा इंच बर्फ वितळला तर एक इंच पाणी होतं, म्हणून पर्जन्यमापकाच्या हिशेबाने हा आकडा तुम्हाला मामुली वाटेल. पण या वेळी बर्फाच्या उंचीपेक्षा वाऱ्याने जास्त घात केला. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत होते, आणि हिमवादळाची परिस्थिती सलग ३७ तास टिकली. ती ठरवायचा इथला निकष म्हणजे जोराचा वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दृष्टी, तेही किमान तीन तास. इथे तीनाच्या जागी सदतीस. नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्ककडे सहा फुटांहून जास्त बर्फ पडला होता, तेव्हा आमच्या उत्तरेच्या भागात त्या मानाने फारच थोडा. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे ऋतू असल्यासारखं.

असं का होतं ते तुम्हाला सांगायला मला फार आवडेल, कारण उभा जन्म तुम्ही पाटबंधारे खात्यात पावसाचे आकडे लिहिण्यात घालवला. कोयनेच्या पाणलोटाचं तुम्हाला ठाऊकच आहे. वारा अरबी समुद्रावरून पाणी उचलतो, महाबळेश्वर-नवजाला ओततो, आणि तिथून शंभर किलोमीटरही नसलेलं माण-खटाव टँकरची वाट बघतं. इथे समुद्राच्या जागी ईरी सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं, आणि बफेलो त्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. कॅनडाकडची गोठलेली कोरडी हवा या पाण्यावरून लांबीच्या दिशेने वाहत आली, की वाटभर वाफ आणि उष्णता शोषत येते. हवा वर चढायला इथे घाटाची गरज नसते. पाणी त्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, म्हणून खालची हवा तापून आपोआप वर चढते, ढग बांधते आणि किनारा लागला की सगळं खाली टाकते. हे ढग अरुंद पट्ट्यात येतात. पट्टा जिथे स्थिरावला तिथले लोक गाडले जातात, दहा मैलांवर ऊन असतं.

ईरी हे पाच मोठ्या सरोवरांपैकी सगळ्यात उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, त्यामुळे ते लवकर गोठतंही. पूर्ण गोठलं की वाफ मिळत नाही आणि असा बर्फ जवळजवळ बंद होतो. डिसेंबरात मात्र पाणी मोकळं होतं. आणि एक गोष्ट तुम्हाला थक्क करेल: त्या वाऱ्याने सरोवराचं पाणीच एका बाजूला ढकललं. पश्चिमेला टोलेडोकडे ते मागे हटून तळ उघडा पडला आणि आमच्याकडे कित्येक फूट चढलं. पलीकडे कॅनडात क्रिस्टल बीचला किनाऱ्यावरच्या घरांवर लाटांचे तुषार उडून तिथेच गोठले. दारंखिडक्या कुठे आहेत तेही कळत नव्हतं.

आता आईसाठी, आमचं घरातलं.

२३ तारखेला शुक्रवारी सकाळी चक्क पाऊस पडत होता. चार-पाच अंश असावं. दुपारपर्यंत तापमान शून्याखाली दहाच्याही खाली गेलं, रस्त्यावरचं पाणी जागच्या जागी गोठलं, आणि वारा सुटला. समोरचं घर दिसेना, मग आमच्याच अंगणातलं मेपलचं झाड दिसेना. आवाज इतका, की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचं तर ओरडावं लागे. पुढच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून बर्फाची भुकटी आत येत होती, पिठासारखी बारीक, आणि पायपुसण्यावर तिचा छोटासा ढीग साचत होता. तुमचा नातू तो बोटाने सारखा करायचा आणि पुन्हा वाट बघत बसायचा.

घराला ऊब देणारी आमची फर्नेस गॅसवर चालते, पण तिचा पंखा विजेवर. शिवाय तिला श्वास लागतो. घराच्या कडेच्या भिंतीतून दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बाहेर काढलेले असतात, एकातून हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. ते बर्फाने बुजले की फर्नेस बंद पडते, आणि नशीब वाईट असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात कोंडतो. त्याला ना वास, ना रंग. म्हणून तुमचे जावई दर काही तासांनी बाहेर जात होते. कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला जिन्याच्या कठड्याला, दुसऱ्या टोकाला कमरेला, डोळ्यांवर पोहायचा चष्मा आणि हातात पोराचं वाळूत खेळायचं फावडं, कारण मोठं फावडं वाऱ्यात धरता येत नव्हतं. भिंत चाचपत पाइपापर्यंत जायचं, मोकळा करायचा, दोरी धरून परत यायचं. मी आत दोरीवर हात ठेवून उभी असे. दोरी हलत राहिली की जीव भांड्यात पडे.

संध्याकाळी फांदी कोसळून शेजारच्या आजींच्या घराची तार तुटली. त्या एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. फोनवर म्हणाल्या, ब्लँकेटं आहेत, मी बरी आहे. आई, तूही असंच म्हणतेस ना? मला ते सूर ओळखता येतात. त्याच दोरीच्या आधाराने हे त्यांना घेऊन आले. दोन घरांमधलं अंतर आपल्या सांगलीच्या गावभागातल्या गल्लीएवढंच, पण आजी आत आल्या तेव्हा त्यांच्या भुवयांवर बर्फ चिकटला होता आणि कोटाच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली घट्ट धरलेली होती.

त्या आमच्याकडेच राहिल्या. तू पाठवलेलं मेतकूट, मऊ मुगाची खिचडी, वर तूप. पहिल्या घासाला जरा बिचकल्या, मग रोज तेच मागू लागल्या. नाताळच्या दिवशी त्यांच्या मुलीला यायचं होतं, विमानतळच बंद, तेव्हा मी शिरा केला आणि पोराने कागदाचं झाड करून भिंतीला लावलं. त्यांनी आम्हाला १९७७च्या वादळाचं सांगितलं. त्या वर्षी सरोवर डिसेंबरातच गोठलं होतं, म्हणून नवा बर्फ जेमतेम फूटभर पडला, पण गोठलेल्या सरोवरावर साठलेला सगळा बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला. २९ माणसं गेली. पंचेचाळीस वर्षं इथे वादळाचं माप म्हणजे तेच सत्त्याहत्तर. आपल्याकडे २००५च्या पुराचं होतं तसं, २०१९ येईपर्यंत.

या वेळी आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चाळीसहून जास्त माणसं गेली. हे तुमच्यापासून लपवायचं नाही. कुणी कामावरून घरी निघालेलं, गाडी अडकली आणि गाडीतच संपलं. कुणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून. कुणी घरातच, वीज नाही म्हणून गारठून. कित्येक तास पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका कुणालाच निघता येत नव्हतं. बर्फ काढणारी यंत्रंसुद्धा रुतली आणि सोडवायला गेलेल्यांनाच सोडवावं लागलं. हॉस्पिटलांतल्या नर्सा दोन-दोन दिवस घरी गेल्या नाहीत. गाड्या चालवायला बंदी शुक्रवारी सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर रोजंदारीवरचे कितीतरी लोक कामावर पोचले होते. आदल्या रात्रीच ती लावली असती तर काही जीव वाचले असते, असं मला ठामपणे वाटतं. बफेलो शहरात गेलेल्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होते, आणि त्यातले बरेच शहराच्या पूर्व भागातले. जुनी घरं, फटीतून वारा, अनेकांकडे गाडी नाही, किराण्याची दुकानं मोजकी. मे महिन्यात याच भागातल्या सुपरमार्केटमध्ये गोळीबार होऊन दहा जण मारले गेले होते. सात महिन्यांत पुन्हा त्याच वस्तीवर हे. बर्फ सगळ्यांवर सारखाच पडला असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो.

पण त्याच रात्रींतलं आणखी काही ऐका. शहराला लागूनच असलेल्या चीकटोवागात एक मेकॅनिक अडकलेल्या मित्राला आणायला निघाला आणि स्वतःच अडकला. दारोदार मदत मागितली, कुणी घेतलं नाही. शेवटी त्याने जवळच्या शाळेची खिडकी फोडली आणि आसपासच्या गाड्यांत थिजत बसलेल्या लोकांना आत आणलं, दोन डझनांच्या आसपास. शाळेच्या स्वयंपाकघरातलं खाऊन सगळे तगले. निघताना खिडकी फोडल्याबद्दल माफीची चिठ्ठी ठेवून गेला. पोलिसांनी त्याला शोधून काढलं ते आभार मानायला. आणि आई, हे खास तुझ्यासाठी: विल्यम्सव्हिलमध्ये कोरियन पर्यटकांची गाडी रुतली. फावडं मागायला त्यांनी एक दार ठोठावलं, आणि त्या घरच्यांनी सगळ्यांनाच आत घेतलं. घरच्यांना कोरियन जेवणाची आवड, किमची आणि लाल मिरचीची पेस्ट फ्रिजमध्ये तयार! पाहुण्यांनीच स्वयंपाकाचा ताबा घेतला म्हणे.

आता टेक्सासचं. दादाला विचार, फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे काय झालं. थंडीची लाट आली, वीज गेली ती लाखो घरांची, आणि सरकारी आकडाच २४६ मृत्यूंचा आहे. त्या दिवसांत दादा-वहिनी मुलींना घेऊन एकाच खोलीत झोपत होते, तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाहीत इतकंच. आणि सांगली? ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर, फोन लागत नव्हता, आणि मी इथे ब्रह्मनाळची नाव उलटल्याची बातमी वाचत होते. तेव्हा मीही म्हणाले होते, गावभाग सोडा, पुण्याला फ्लॅट घ्या. बाबा, तुमचं उत्तर मला पाठ आहे. "इथे हाक मारली की चार माणसं धावतात. पुण्यात कोण ओळखतं?" तुम्हाला गच्चीवरून नावेत उतरवलं ते गल्लीतल्याच पोरांनी, हे मी विसरलेले नाही.

माझंही उत्तर तेच आहे. आमच्या रस्त्यावर आता कोण एकटं राहतं, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाच्या घरी जनरेटर आहे, याची यादी केली आहे. आजींच्या घराची किल्ली आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. ही ओळख पाच हिवाळ्यांत हळूहळू झाली. टेक्सासला ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागेल, आणि दादा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहील असंही नाही. शिवाय ज्या पूर्व भागाचं वर लिहिलं, तिथे शनिवारी धान्य वाटायला आम्ही जाऊ लागलो आहोत. ते आत्ता सोडून जाणं मला जमणार नाही.

बर्फ जवळजवळ गेलाय. वर्षअखेरीला एकदम उबदार वारे आले आणि दोन-तीन दिवसांत सगळं वितळलं, कडेला फक्त काळपट ढिगारे उरलेत. पोराची शाळा सुरू झाली. तुम्ही यायचं ते मेच्या शेवटी या आणि सप्टेंबरपर्यंत राहा. हिवाळ्यात तुम्हाला मीच येऊ देणार नाही, विशेषतः बाबांना, कारण ते फावडं हातात घेतल्याशिवाय राहणार नाहीत.

आणि तोवर माझं एक ऐका. जूनच्या आत महिनाभराची औषधं, घराची कागदपत्रं, टॉर्च आणि स्टोव्ह वरच्या मजल्यावर हलवा. पिण्याच्या पाण्याचे दोन पिंप वरच भरून ठेवा. कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी पायरीशी यायची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. बाबांना आकडे कळतात, पण कळूनही ते थांबतात. समोरच्या काकूंचा आणि नाव चालवणाऱ्या त्या मुलाचा नंबर मला पाठवा. आईच्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो उद्याच काढा, नावं नीट वाचता आली पाहिजेत, आणि डॉक्टरांनी नोव्हेंबरात डोस बदलला होता तो कितीचा केला तेही लिहा.

तुमची,
लेक